वाचकांचे प्रश्न : देवाला आपल्या उपासनेची गरज आहे काय?

प्रश्न : मी दर रविवारी उपासनेला जातो, परंतु गीते चालू असताना मन कापसाच्या भावाकडे आणि रात्रीच्या विजेच्या वेळापत्रकाकडे धावते. देवाला कशाचीच उणीव नसेल, तर अशा अर्ध्या मनाच्या उपासनेला काय मोल? शिवाय बांधाच्या वादामुळे चुलतभावाशी माझे बोलणे बंद आहे आणि आम्ही दोघे एकाच मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस, घेतो. हे योग्य आहे काय?
– एक शेतकरी वाचक, नवापूर तालुका, जि. नंदुरबार

उत्तर : देवाला उणीव नाही, हे आपले म्हणणे पवित्र शास्त्राला धरूनच आहे. पन्नासाव्या स्तोत्रात देव सांगतो की, रानातील सर्व प्राणी त्याचेच आहेत आणि त्याला भूक लागली तरी तो ती माणसाला सांगणार नाही. तेव्हा उपासना म्हणजे देवाला काही पुरवणे नव्हे. ज्याने ख्रिस्तामध्ये आधी आपल्यावर प्रीती केली, त्याला दिलेला तो प्रतिसाद आहे. हंगामाच्या सणाला ज्वारीची गोणी, भुईमुगाच्या शेंगा, लाल भोपळा, पाय बांधलेली कोंबडी असे जे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर ज्याचा लिलाव होतो, त्याने देवाचे कोठार भरत नाही. घरात आलेले पीक केवळ आपल्या कष्टाचे नाही, ही कबुली मात्र आणणारा सर्वांसमक्ष देतो.

मन भरकटते म्हणून आपण स्वतःला फार दोष देत आहात, असे मला वाटते. उपासना शोमरोनी लोकांच्या डोंगरावर करावी की यहूद्यांच्या यरुशलेमेत, असा विषय एका शोमरोनी स्त्रीने काढला, तेव्हा येशूने स्थळाचा वाद बाजूला ठेवून ती आत्म्याने व खरेपणाने व्हावी, असे सांगितले (योहान ४). खरेपणाने म्हणजे चिंता लपवून नव्हे. १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत, आणि बाविसाव्या स्तोत्राचा पहिला आक्रोश तर येशूने वधस्तंभावर केला. म्हणून कापसाचा भाव मनात आला, तर त्याला हुसकावण्यात वेळ दवडू नका. प्रार्थनेच्या वेळी तोच देवापुढे मांडा, मावचीत, म्हणजे आपल्या भागातल्या बोलीत, मांडावासा वाटला तर मावचीत मांडा.

चुलतभावाचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीत सधन लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत; प्रेषित पौलाने त्यांना स्पष्ट लिहिले की, हे प्रभुभोजन नव्हेच (१ करिंथ ११). वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू सांगतो (मत्तय ५), आणि तेथे चूक कोणाची, याची चौकशी तो करत नाही. बांधाची मोजणी व्हायची तेव्हा होईल, पण बोलणे तिच्यासाठी अडवून ठेवू नका. पुढच्या प्रभुभोजनाआधी त्याच्या घरी जा. एकट्याने जाणे जड वाटत असल्यास पाळकांना सोबत न्या. इतके करूनही त्याने तोंड फिरवले, तर आपल्याकडून होईल तितके शांतीने राहावे, हे पौलाचे सांगणे आपण पाळले आहे (रोम १२), आणि मग त्याच्या नकारासाठी आपण प्रभुभोजनापासून दूर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.