'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर'मधलं खरं किती? माक्स श्रेक खरोखर कोण होता?

'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर' या २००० सालच्या सिनेमात दिग्दर्शक मुर्नाऊ आपला 'नोस्फेराटू' हा मूकपट काढतोय, आणि त्यात व्हॅम्पायर झालेला नट माक्स श्रेक खराखुरा व्हॅम्पायर निघतो. प्रत्यक्षात श्रेक रंगभूमीवर मुरलेला नट होता. जन्म १८७९चा, नामवंत नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत त्याने कामं केली होती. 'नोस्फेराटू' (१९२२) नंतरही तो चौदा वर्षं नाटक-सिनेमात होता, १९३६ मध्ये म्युनिकला वारला. जर्मनमध्ये 'श्रेक' म्हणजे भीती, त्यामुळे नाव बनावट वाटतं, पण ते त्याचं खरं आडनाव. २००० सालच्या सिनेमात जीव गमावणारे बाकीचेही पुढे बरीच वर्षं जगले. छायालेखक वाग्नरने १९३१ मध्ये 'एम' हा सिनेमा चित्रित केला, नायिका ग्रेटा श्रोडर १९८० पर्यंत होती.

सगळ्यात मोठी थाप मात्र श्रेकबद्दल नाही, रात्रीबद्दल आहे. सिनेमातला मुर्नाऊ श्रेकची दृश्यं रात्रीच घेतो, कारण श्रेक उन्हात येऊच शकत नाही. १९२१ मध्ये बाहेर अंधारात असं चित्रण जमणारं नव्हतं. फिल्मची संवेदनशीलता फार कमी होती, शिवाय ती लाल रंग जवळजवळ टिपतच नसे. म्हणून जर्मनीतल्या विस्मार गावाच्या गल्ल्यांतली 'रात्र' भर दिवसा घेतली आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवून काढली. घरातला दिवा पिवळा, पहाट गुलाबी. जिन्यावरच्या त्या प्रसिद्ध सावलीसाठी प्रखर दिवा वापरला, ते वेगळं.

हा निळा रंग उडालेल्या काळ्या-पांढऱ्या प्रती वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. त्यात काउंट ऑरलॉक, म्हणजे श्रेकने रंगवलेला व्हॅम्पायर, काखेत शवपेटी धरून लख्ख उजेडात चालताना दिसतो, आणि शेवटी तोच सूर्यकिरणाने मरतो! बघणारा गोंधळतो, दोष मात्र दिग्दर्शकाला देतो. खरं तर उन्हाने मरणं ही याच सिनेमाची देणगी आहे. 'नोस्फेराटू' ज्यावर बेतला त्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. म्हणजे २००० सालच्या सिनेमाचा सगळा डोलारा ज्या नियमावर उभा आहे, तो नियम मूळ सिनेमानेच घडवला. हे मला फार आवडतं.

मूळ सिनेमा अजून पाहिला नसेल तर रंग दिलेली, मुर्नाऊ प्रतिष्ठानची दुरुस्त प्रत घ्या, साधारण ९४ मिनिटांची. मूळ लांबी १,९६७ मीटर होती. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती तेवढीच भरते. २४च्या वेगाने तीच रिळं ७२ मिनिटांत संपतात आणि माणसं टुणटुण उड्या मारल्यासारखी चालतात. श्रेकचा संथपणा, ताठ पाठ, लांबलेली बोटं, सगळं त्यात वाया जातं. जंगलातल्या घोडागाडीपाशी थांबा: तिथे झाडं पांढरी दिसतात, कारण तो तुकडा निगेटिव्हच, म्हणजे काळं-पांढरं उलटं, ठेवलाय.

२००० सालच्या सिनेमात विलेम डफोने रंगवलेल्या श्रेकचं प्रतिबिंब आरशात पडत नाही, हे ग्रेटाला दिसतं तो प्रसंग आठवतो ना? मूळ सिनेमात शेवटच्या शयनगृहात आरसा आहे, आणि ऑरलॉक त्यात चक्क दिसतो.