मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दिवसा सांगते, पण रात्री डायपर काढलं की अंथरूण ओलं होतं. सवय कशी लावू?

साडेतीन वर्षं म्हणजे उशीर झालेलाच नाही. तुम्ही लिहिलंय की घरातली मोठी माणसं "आमची मुलं दोन वर्षांतच कोरडी राहायची" असं ऐकवतात. ते वाचून राहवलं नाही, कारण ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या घरात, हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलंय.

माझा मुलगा पहिलीत होता तरी रात्री गादी ओली करायचा. दिवसा अगदी व्यवस्थित. थंडीत जवळजवळ रोज. इथली जानेवारी ज्यांनी काढलीय त्यांना ठाऊक आहे, पारा चार-पाच अंशांवर, दुपारपर्यंत धुकं, रुईची गादी वाळता वाळत नाही. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नणंद आली होती. तिने ती ओली गादी मुद्दाम पुढच्या गॅलरीच्या कठड्यावर टाकली, गल्लीतून दिसेल अशी. "चार लोकांत लाज वाटली की आपोआप सुटेल." मुलगा शाळेच्या रिक्षातून उतरला, वर पाहिलं आणि जिन्यातच बसला. वाण घ्यायला आलेल्या बायका त्याच्या बाजूने वर जात होत्या, आणि हा दप्तर पोटाशी धरून, मान खाली घालून. मी गादी उचलून गच्चीत नेली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "वन्सं, हे माझ्या घरात पुन्हा होणार नाही." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, आईनेच डायपर लावून मुलाला आळशी केलं.

उन्हाळ्यात आत्येसासूबाई इंदूरहून आल्या. विषय निघाला तर सहज म्हणाल्या, "अगं, याच्या बापाची गादी मी वाळत घातलीय, तिसरीत होता तेव्हा!" नणंद समोरच बसली होती.

डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, घरात कोणाला होतं का? आई किंवा वडील, एकाला लहानपणी असेल तर मुलात यायची शक्यता 40 टक्क्यांच्या पुढे, दोघांनाही असेल तर 70 च्या वर. पाच वर्षांच्या 100 मुलांत साधारण 15 मुलं रात्री ओलं करतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन जास्त सोडतो. काही मुलांत ते उशिरा सुरू होतं. मूत्राशय भरलं तरी जाग येत नाही, एवढी त्यांची झोप गाढ असते. यात आळस कुठे आला? डायपर लावल्याने हे होत नाही आणि नुसतं काढल्याने थांबतही नाही.

तरी काढून बघायचंच असेल तर सकाळी डायपर बरेच दिवस कोरडं मिळतंय का ते आधी पाहा. मिळत नसेल तर थांबा. पाणी दिवसा भरपूर द्या, संध्याकाळनंतर हात आखडता घ्या. चहा तर अजिबात नको, दुधात घालून घोटभरही नको. पोट साफ होतंय का ते बघा, कारण आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो. आमच्याकडे अर्धं दुखणं हेच निघालं, थंडीत पोरगा पाणीच पीत नव्हता. आमच्या जुन्या घरात संडास अंगणापलीकडे. जाग आली तरी त्या अंधारात आणि गारठ्यात तो उठणारच नाही. खोलीत पॉटी ठेवली, छोटा दिवा लावला, तेव्हापासून तो स्वतःहून उठू लागला. अंथरूण असं घाला: मेणकापड, त्यावर चादर, पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की झालं. झोपेतच उचलून नेण्याने गादी वाचते, मूल शिकत नाही. न्यायचंच तर पुरतं जागं करून न्या. आणि "काल कोरडी राहिलीस म्हणून चॉकलेट" हेही नको. जे तिच्या हातात नाही त्याचं बक्षीस कसलं?

एक मात्र राहिलं. बरेच महिने कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करू लागलं, लघवी करताना जळजळ होत असली, किंवा सतत तहान लागून वजन उतरत असलं, तर घरगुती सल्ले बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. लघवीचा संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो. दिवसाही सारखी ठिबकत असेल तरी दाखवा. पाच-सहा वर्षांनंतरही चालू राहिलं तर ओल लागताच वाजणारा अलार्म असतो, औषधही असतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि सासरची माणसं टोचून बोलत असतील तर उत्तर तुम्ही देऊ नका, नवऱ्याला देऊ द्या. माझ्या नवऱ्याने पुढे बहिणीला फोन करून सांगितलं, "मीही करायचो, आणि आई माझी गादी मागच्या अंगणात वाळवायची." तिसरीतल्या मुलाला हे आठवत नाही असं होत नाही. संक्रांतीला नणंद बोलत होती तेव्हा नवरा तिथेच उभा होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.