‘युरिक ॲसिड झाले’ आणि ‘मूत्राम्ल’

‘त्यांना युरिक ॲसिड झाले आहे’ हा प्रयोग बरोबर आहे का आणि या द्रव्याला मराठी शब्द कोणता, असे एका वाचकाने विचारले आहे. प्रयोग चूकच आहे. युरिक ॲसिड कोणाला ‘होत’ नाही; ते प्रत्येकाच्या रक्तात असतेच, वाढते किंवा घटते. होतो तो गाउट, म्हणजे त्याचे स्फटिक सांध्यात साचून उठणारा ठणका. ‘शुगर झाली’च्या चालीवर हे रूढ झाले असावे, परिणामी तपासणीच्या कागदावर साडेसात आकडा दिसताच, पायाचा अंगठा एकदाही सुजलेला नसताना, धडधाकट माणूस तुरीचे वरण सोडून बसतो.

प्रतिशब्दाची कथा अधिक रंजक आहे. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७६ मध्ये हे द्रव्य प्रथम वेगळे केले ते मूतखड्यांतून, आणि त्यावरूनच त्याला आरंभी ‘लिथिक ॲसिड’ असे नाव मिळाले. ग्रीक ‘लिथोस’ म्हणजे दगड. संस्कृतात ‘अश्मन्’ म्हणजे दगड आणि मूतखडा म्हणजे ‘अश्मरी’, तेव्हा ‘अश्माम्ल’ हा शब्द आपल्या दाराशी आयता उभा होता. पुढे फ्रान्समध्ये मूत्रवाचक ‘युरिक’ हे नाव पुढे आले आणि आपल्या परिभाषाकारांनी त्याचेच शब्दशः ‘मूत्राम्ल’ करून टाकले.

हे भाषांतर मला मुळीच मान्य नाही. आपल्या मूत्रातला प्रमुख नत्रयुक्त घटक युरिया आहे, आणि युरिक ॲसिडचा सुमारे एक तृतीयांश भाग तर आतड्यावाटे जातो. उलट दगड होणे हा त्याचा स्वभाव आहे. पेशींतील न्यूक्लिक आम्लांमधल्या आणि अन्नातल्या प्युरीन या नत्रयुक्त द्रव्यांचे विघटन होत होत शेवटी ते तयार होते. बहुतेक सस्तन प्राणी युरिकेज या विकराने (एन्झाइमने) त्याचे सहज विरघळणाऱ्या ॲलँटॉइनमध्ये रूपांतर करतात. मानवाच्या पूर्वजांत त्या विकराचे जनुक निकामी झाले आणि हे जेमतेम विरघळणारे द्रव्य आपल्या वाट्याला आले. रक्तात दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे स्फटिक होऊ शकतात, आणि तेही आधी पायाच्या अंगठ्यासारख्या थंड सांध्यात. (रक्तात ते ऑक्सिडीकरण रोखण्याचेही काम करते, हे त्याला निव्वळ कचरा समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, तेव्हा ‘अश्माम्ल’ दिशाभूल करील, असा आक्षेप विद्वान घेतात. हा आक्षेप ‘अश्मरी’पुरता आहे, ‘अश्मन्’ला लागत नाही, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम वोलॅस्टन यांनी १७९७ मध्ये गाउटच्या सांध्यांवरील गाठींतही याच द्रव्याचा क्षार दाखवला होता, आणि त्या गाठींचा मूत्राशी काय संबंध, ते ‘मूत्राम्ल’वाल्यांनी सांगावे. ‘वातरक्त’ हा आयुर्वेदातला शब्द सुचवणाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही: ते व्याधीचे नाव आहे, द्रव्याचे नव्हे.