आत्याचं घर असताना हॉस्टेल कशाला?

पत्र : मावशी, मी अंबड तालुक्यातल्या एका गावची. यंदा पुण्यात शिवाजीनगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला. ट्यूशन फी माफ झाली, आता प्रश्न राहण्याचा. बाबा म्हणतात, भोसरीला सख्खी आत्या असताना पोरगी बाहेर राहिली तर लोक काय म्हणतील? आत्याचं घर वन बीएचके, मुलगा दहावीला, काकांची कंपनीत शिफ्ट ड्युटी. माझा मावसभाऊ एमपीएससी करतो, तो म्हणतो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहा, अभ्यासाचं वातावरण मिळेल. बारावीच्या तीन मैत्रिणी नऱ्ह्याला फ्लॅट घेतायत, भाडं १४,०००, चौघींत वाटून. कॉलेजच्या हॉस्टेलच्या यादीत माझं नाव आलंय : एका खोलीत चौघी, रात्री साडेआठला गेट बंद, वर्षाचे ३८,००० आणि मेसचे महिना ३,८०० वेगळे. बाबा विचारतात, विद्यापीठाचं हॉस्टेल का नाही मिळत? आईला रॅगिंगची भीती वाटते. पैसे भरायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. आणि एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही. मी जन्मापासून आजीशेजारीच झोपलेय. तिथे मला झोप येईल का?
– मोसंबीच्या मळ्यातली

लेकी,

हॉस्टेलची जागा सोडू नकोस. महिनाअखेरची वाट न बघता पैसे भरून टाक. असं का म्हणते ते सांगते, आणि बाबांशी कसं बोलायचं तेही सांगते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खोली कुठली घ्यायची हे तुझं तुला कळलेलं आहे, अडलंय ते बाबांच्या शब्दापाशी.

मी १९८८ साली पुण्यात बी.एस्सी.ला आले तेव्हा चिंचवडला मामांकडे राहिले. मामा-मामींनी मला कधी परकं मानलं नाही, आणि अडचण नेमकी तिथेच झाली. पाहुणी असते तर कुणी काही अपेक्षा केली नसती. पण घरचीच म्हटल्यावर, मामी कामावरून दमून आलेली आणि मोरीत भांडी पडलेली, अशा वेळी पुस्तक हातात धरवत नसे. मामीने एका शब्दाने कधी काम सांगितलं नाही. प्रॅक्टिकल पाचला संपायचं. वर्गातल्या मुली कट्ट्यावर बसून एकमेकींची रीडिंग्ज ताडून बघायच्या, जर्नलं बदलायच्या. मी तेवढ्यात शिवाजीनगर स्टेशनकडे पळत असे, कारण लोकल चुकली की मामी काळजीने दारात उभी. दिवाळीनंतर मला टायफॉइड झाला. पंधरा दिवसांनी कॉलेजात गेले तर फिजिक्सच्या जर्नलची पानं कोरी, आणि कुणाचं जर्नल मागावं तेच कळेना. वर्गात मला ओळखणारी एकही मुलगी नव्हती. त्या दिवशी मी लेडीज रूममध्ये बसून रडले. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलला गेले आणि पहिल्याच आठवड्यात तीन मैत्रिणी मिळाल्या. त्यातल्या दोघी अजूनही माझ्या आहेत.

तुझ्या आत्याच्या घरात हे याहून अवघड जाईल. मेट्रो नाशिक फाट्यावरून जाते, भोसरी गावातून नाही, म्हणजे तिथवर आधी बस किंवा रिक्षा. सकाळ-संध्याकाळ मिळून रोजचे अडीच-तीन तास धर. दहावीचा मुलगा हॉलमध्ये अभ्यासाला बसणार, काका रात्रपाळी करून दिवसा झोपणार. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट पसरायला पाटाएवढी जागा पुरत नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा लागतो. तू तो लावायला लाजशील. मी लाजत होते.

आता बाबांचं. बाबा म्हणतात ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. भावाची लेक शहरात आली आणि आपल्या घरी न येता परस्पर हॉस्टेलला गेली, तर आत्याला लागणारच. शेजारीपाजारी विचारतील तेव्हा ती काय सांगेल? म्हणून हॉस्टेलची बातमी तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये. बाबांना सांग, पैसे भरायच्या आधी त्यांनी स्वतः आत्याला फोन करावा आणि तिची मदत मागावी. ही मदत खरीखुरी लागणार आहे. हॉस्टेलच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी स्थानिक पालकाचं नाव, पत्ता आणि सही लागते. तू तापाने फणफणलीस तर वॉर्डन आधी त्यांनाच फोन करतात, रजेच्या अर्जावरही त्यांचीच सही चालते. तिथे आत्याचं नाव घाल. प्रवेशाच्या दिवशी आत्या तुझ्यासोबत वॉर्डनना भेटायला आली पाहिजे. मग महिन्यातले दोन रविवार भोसरीला जा, जाताना अंबडची मोसंबी ने, आणि आतेभावाची गणितं सोडवून दे. आत्याचा मान यातून राहील. नाइलाजाने तिच्याकडे वर्ष काढलंस तर तो कसा राहील, मला सांग.

विद्यापीठाच्या हॉस्टेलबद्दल बाबांचा समज बऱ्याच पालकांचा असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला ४११ एकरांचा परिसर बाहेरून बघितला की वाटतं, इथे एवढी जागा आहे, एक कॉट मिळेलच. पण तिथली वसतिगृहं मुख्यतः परिसरातल्या विभागांत पदव्युत्तर शिकणाऱ्यांसाठी असतात. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी आपापल्या कॉलेजचंच दार ठोठवायचं असतं.

नऱ्ह्याच्या फ्लॅटचा हिशेब वहीत मांडून बघ. भाड्याचा तुझा वाटा ३,५००. लाइट, पाणी, नेट मिळून पाच-सहाशे. डबा साडेतीन हजाराच्या खाली मिळणं कठीण. रोजचा बसप्रवास वेगळा. हे सगळं मिळून आठ हजारांच्या पुढे जातं. हॉस्टेलचे ३८,००० दहा महिन्यांवर वाटले तर ३,८००, त्यात मेस मिळवली की ७,६००. म्हणजे तुला स्वस्त वाटणारा फ्लॅट महाग पडतोय, आणि डिपॉझिटची रक्कम अजून धरलेलीच नाही. दिवाळीत घरी गेलीस तरी त्या महिन्याचं भाडं चुकत नाही. शिवाय नवले पुलाजवळचा हायवे दिवसातून दोनदा! तिथल्या अपघातांच्या बातम्या तूही वाचत असशील. करारही नोंदणीकृत हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, पण ‘पोरीच आहेत, कशाला कागद’ म्हणणारे मालक पुष्कळ. तुला अठरा पूर्ण नसतील तर तुझी सहीही चालणार नाही. तुझ्या मैत्रिणींनी फ्लॅट घेतलाच, तर त्यांच्या आईवडिलांना एवढं जरूर सांग.

आणि त्या तिघी तुझ्या कॉलेजच्या नाहीत. त्यांचं वेळापत्रक वेगळं, परीक्षा वेगळ्या. गॅस कुणी भरायचा, कचरा कुणी टाकायचा, कुणाचा भाऊ येऊन किती दिवस राहिला, यावरून बारावीपर्यंतची घट्ट मैत्री तुटलेली मी इतक्या पत्रांत वाचली आहे की तुझ्यासाठी धास्ती वाटते. त्यांच्याकडे शनिवारी खिचडी खायला जा.

कॉट बेसिसचं मात्र तुझ्या मावसभावाला प्रेमाने नाही सांग. त्याचा हेतू चांगला आहे. पण सदाशिव पेठेतल्या तसल्या खोल्या मी बघितल्या आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत चार लोखंडी कॉट, प्रत्येकीच्या उशाशी एक कपाट, त्याला आपापलं कुलूप, भिंतीवर चालू घडामोडींच्या चिठ्ठ्या. मुली चोवीस-पंचवीस वर्षांच्या. कुणाचा तिसरा प्रयत्न, कुणाच्या घरी लग्नाचा तगादा. पहाटे अभ्यासिकेत जातात, रात्री अकराला येऊन गपचूप आडव्या होतात. त्यांच्या कष्टांविषयी मला फार आदर आहे. पण तू सतरा-अठरा वर्षांची. तुला पहिल्या युनिट टेस्टला गणितात कमी मार्क पडले, तर ‘मलाही कमीच पडले’ म्हणणारी कुणीतरी शेजारच्या कॉटवर हवी. ती त्या खोलीत नसेल.

हॉस्टेल म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही सांगते. मेसची पोळी दोन आठवड्यांत नकोशी होते. चौघींत एखादी रात्री मोठ्याने फोनवर बोलणारी निघतेच. प्रवेशाच्या दिवशी इमारतीचा रंग बघण्यात वेळ घालवू नकोस. तिथे राहणाऱ्या सीनिअर मुलीला गाठ आणि विचार की सकाळी पाणी किती वाजता येतं, मजल्यावर किती जणींत किती बाथरूम, रात्री कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, वॉर्डन तिथेच राहतात की घरी जातात. साडेआठच्या गेटची काळजी करू नकोस, पण लायब्ररी किंवा प्रॅक्टिकलसाठी उशिरा यायची परवानगी कशी मिळते ते पहिल्याच दिवशी विचारून घे.

रॅगिंगची आईची भीती मला कळते. आपल्याकडे १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या विभागात ठेवावं असं म्हटलेलं आहे. प्रवेशाच्या वेळी तू आणि पालक दोघांनीही हमीपत्र द्यायचं असतं, ते आईला वाचून दाखव. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन तिच्या फोनमध्ये तिच्या हातानेच सेव्ह करू दे. ओळख करून द्यायच्या नावाखाली कुणी रात्री खोलीत बोलावलं, रडवलं, व्हिडिओ काढला तर सोसायचं नाही. त्याच रात्री वॉर्डनना सांगायचं आणि आत्याला फोन करायचा.

पैशांचं एक राहिलं. तुझी फी माफ झाली ती बहुधा २०२४ च्या निर्णयामुळे : घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. त्यात हॉस्टेल येत नाही, आणि इथेच कितीतरी घरांची गणितं चुकतात. तुमचं शेत थोडं असेल तर तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचा दाखला आत्ताच काढा आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. भत्ता हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांचा खर्च त्याच्या भरवशावर ठेवू नका.

हे वाचणाऱ्या ज्यांचं नाव हॉस्टेलच्या यादीत आलं नसेल त्यांनी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात अर्ज करावा. तिथेही जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार योजना आहे. आणि पुण्यात १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलांना राहायला जागा देणारी विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, तिथे जाऊन चौकशी करा.

आता तुझी झोप. नाही येणार, लेकी. पहिल्या चार-पाच रात्री डोळा लागणार नाही. ट्यूबलाइट बंद झाल्यावर पंख्याचा आवाज मोठा वाटेल, आजीचं खोकणं आठवेल. शेजारच्या कॉटवरची मुलगीही जागी असेल, भिंतीकडे तोंड करून. माझ्या हॉस्टेलच्या दुसऱ्या रात्री पलीकडच्या कॉटवरून नुसता आवाज आला होता, ‘जागी आहेस का गं?’ ती उदगीरची होती, तिला अंधाराची भीती वाटायची. आम्ही दोघींनी दोन्ही कॉट एकमेकींना लावल्या, मधल्या फटीत माझी उशी कोंबली, आणि सकाळी घंटा झाली तेव्हा जाग आली.

आजीने शिवलेली गोधडी नक्की ने. आणि ती पेटीत तळाशी ठेवू नकोस, वरच ठेव.

तुझी मावशी