वाचकांचे प्रश्न : जुनाट दुखणे आणि गटाने घेतलेले उपचार

प्रश्न : आमच्या बचत गटातील बहुतेक जणी घरी विड्या वळतात. मान, कंबर आणि गुडघे यांच्या दुखण्याने कितीतरी जणी वर्षानुवर्षे बेजार आहेत. दवाखान्यात गेले की इंजेक्शन आणि गोळ्या मिळतात, चार दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. आता एका संस्थेने वस्तीत आठवड्यातून एकदा योगासने, मालिश, आहाराची माहिती आणि मोकळे बोलणे असा गट सुरू करण्याचे सुचवले आहे. याने दुखणे खरोखर कमी होईल, की आमची मजुरी तेवढी बुडेल? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मजुरी बुडण्याची तुमची शंका रास्त आहे आणि अशा गटाचे यश बरेचसे तिच्यावरच अवलंबून असते. त्यामुळे गटातून काय मिळते आणि काय मिळत नाही, ते आधी स्पष्ट सांगतो.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला जुनाट दुखणे म्हणतात. मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था वेदनेच्या बाबतीत अतिसंवेदनशील झालेली असू शकते आणि अपुरी झोप, सततची काळजी, हालचालीची भीती यांनी ती संवेदनशीलता आणखी वाढते. एकट्या गोळीने हे सगळे सुटत नाही. म्हणून औषध, व्यायाम, श्वसन, विश्रांती आणि बोलणे यांची सांगड घालणारे उपचार पुढे आले. अमेरिकेतील बॉस्टन शहरात कमी उत्पन्नाच्या, बहुतांशी अल्पसंख्य समाजांतील रुग्णांसाठी असे गट डॉक्टरांच्या उपस्थितीत चालवून त्यांची शास्त्रीय चाचणी घेण्यात आली. जुनाट दुखणे आणि नैराश्याची लक्षणे असलेल्या 159 जणांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत गटातील लोकांची सरासरी वेदना अधिक कमी झाली नाही. मात्र त्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले राहिले, तातडीच्या विभागात धाव घेण्याचे प्रसंग कमी झाले आणि पुढे वेदनाशामक गोळ्यांचा वापरही घटला. अलाबामा राज्यात गरीब आणि कमी शिकलेल्या 290 रुग्णांसाठी सोप्या भाषेत आठवड्याचे गट घेतले, तेव्हा तर नेहमीच्या उपचारांपेक्षा वेदना आणि हालचाल या दोन्हींत सुधारणा दिसली. बॉस्टनमध्येच कंबरदुखीच्या 320 रुग्णांवर झालेल्या आणखी एका चाचणीत बारा आठवड्यांचे सौम्य योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी पडले नाहीत.

म्हणजे दुखणे कायमचे जाईल असे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर विसंबू नका. दुखणे असतानाही झोप लागणे, घरातली कामे उरकता येणे आणि गोळ्या कमी होणे, एवढे मिळण्याची आशा धरण्यास मात्र आधार आहे, आणि माझ्या मते ते थोडे नाही.

आता तुमच्या वस्तीपुरते बोलतो. मांडीवर सूप, मान खाली, पाय दुमडलेले अशा बैठकीत तासन्‌तास पाने कापणे, वळणे आणि दोरा बांधणे चालते. ज्या गटात या कामाचा विचारच होत नाही, तो गट आसने शिकवून मोकळा होईल आणि दुखणे दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत येईल. म्हणून संस्थेला सांगा की पहिल्या बैठकीत प्रत्येकीचे काम प्रत्यक्ष पाहावे. ठरावीक संख्येने विड्या वळून झाल्या की उठून खांदे आणि मान हळूहळू फिरवणे, पाठीमागे भिंतीचा टेकू घेणे, सूप थोडे उंचावर ठेवणे, असे बदल तिथेच करून पाहता येतात. ज्यांना खाली बसणे जमत नाही, त्यांना खुर्चीवर किंवा भिंतीला धरून व्यायाम शिकवावेत. बैठक विड्या जमा करायच्या दिवशी ठेवू नये, लहान मुलांना सांभाळायला तिथे कोणीतरी असावे आणि सर्वांना चालत येता येईल अशी जागा निवडावी. गटाला येणाऱ्या बाईचा दिवसाचा रोज बुडत असेल, तर तिची उपस्थिती कमी होण्याचा दोष तिच्यावर ढकलता कामा नये.

एका बाबतीत फार जपावे लागते. एकाच गल्लीतल्या बायका एकत्र बसल्या की घरातला मार, नवऱ्याचे व्यसन, कर्ज हे विषय निघतातच, कारण दुखण्याची गाठ त्यांच्याशी असते. गटात बोललेले बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून ठरवावे. कोणालाही बोलण्याची सक्ती करू नये. ज्या बाईला स्वतःची गोष्ट सांगायची नाही, तिने नुसते ऐकत बसले तरी चालेल.

डॉक्टर किंवा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी नसलेल्या गटाला मी उपचार म्हणणार नाही. सुरुवातीला प्रत्येकीची स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी. रात्री वाढणारे दुखणे, ताप, वजन घटणे, पायातली ताकद जाणे, बैठकीच्या जागी बधिरता किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही असेल, तर गटाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो आणि तो व्यायामाने बरा होत नाही.

प्रश्न : आमच्या गावातील अशाच गटात तेलाचे मालिश सुरू झाल्यावर वडिलांनी गोळ्या एकदम बंद केल्या. त्याआधी ते एका बाबाकडची भुकटीही घेत होते. हे योग्य आहे का? — एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : मालिशाने आराम पडत असेल तर ते चालू ठेवावे, पण औषधे डॉक्टरांना दाखवूनच कमी करावीत, कारण त्यांत रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्याही असू शकतात. मला अधिक काळजी भुकटीची वाटते. अशा निनावी भुकट्यांमध्ये कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेले असते, म्हणूनच दुखणे झटपट थांबते. अनेक महिने स्टिरॉइड घेऊन ते एकाएकी सोडले, तर शरीराला ते स्वतः पुरेसे तयार करता येत नाही आणि अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब घसरणे असे गंभीर प्रकार होतात. वडिलांना याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात न्या, उरलेली भुकटी आणि सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या आणि ती किती काळ घेतली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चक्कर, सततच्या उलट्या किंवा काळी शौच होत असेल, तर आजच न्या.