बारावीनंतर काय? आधी फाइल उघड

अकरावीतच विचारतेस, हे फार बरं केलंस. कोणतं कॉलेज ते नंतर बघू, आधी कागद. माझ्या पुतण्याला मार्क उत्तम होते, पण शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’. अख्खा जून आम्ही सेतू केंद्राच्या रांगेत काढला. तू दिवाळीच्या सुट्टीतच एवढं उरक:

– दाखला, आधार, दहावीची मार्कशीट: तिन्हीकडे नावं अक्षरश: सारखी हवीत.
– डोमिसाइल, म्हणजे राज्यातली रहिवासी असल्याचा दाखला. राखीव प्रवर्गातली असशील तर जात पडताळणीचा अर्जही आत्ताच टाक, तिला महिने लागतात. नॉन-क्रिमीलेयर (घर सधन गटात मोडत नसल्याचा दाखला) असेल तर मुदत बघ, ती ३१ मार्चला संपते.

दुसरी चूक पसंतीक्रमाची. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, पहिल्याच फेरीत तुझ्या यादीतलं पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं, तर तेच घ्यावं लागतं. नाकारलंस तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून मैत्रिणीची यादी उतरवू नकोस. जिथे खरंच जायचंय तेच वर लिही.

आणि इंजिनिअरिंग-मेडिकल म्हणजेच सगळं, असं घरी कुणी म्हणालं तरी घाबरू नकोस. सातपूरला आयटीआय आहे, ओझरला एचएएल हा सरकारी विमान कारखाना अप्रेंटिस घेतो आणि तिथे शिकताना विद्यावेतन मिळतं. आपल्या नाशिकच्याच मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी करता येते. या वाटा मी मनापासून सुचवतोय, नाइलाज म्हणून नाही.

सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासाचं पुढच्या वेळी बोलू. आज दाखला काढ आणि आईचं नाव कसं लिहिलंय ते मला कळव.