गॅस गिझर टकटक करतो, दोन मिनिटं चालतो आणि विझतो, नवीन घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता, गिझर कधी नुसताच टकटक करतो, पेटला तर दोन मिनिटं कढत पाणी येतं आणि थंड मिक्स करायला गेलं की विझतो, आणि मिस्त्री म्हणतोय कॉइल गेली, नवीन घ्या. इतक्यात घेऊ नका. कॉइल म्हणजे बर्नरच्या वरची तांब्याची नळी, ती फुटली की गिझरच्या खालून पाणी गळतं, तुमच्याकडे गळतीचं नावही नाही. जे वर्णन केलंय त्यावरून मला तरी कमी प्रेशर आणि जास्त आंच हीच भानगड वाटतेय.

पण त्याआधी एक, कारण तुम्ही ते लिहिलेलंच नाही. गिझर बाथरूमच्या आत लावलाय का? आत असेल तर बाकीचं सगळं राहू द्या, आधी तो बाहेर काढा, ड्राय बाल्कनीत नाहीतर जिथे खिडकी कायम उघडी राहते अशा पॅसेजमध्ये. मुंबईतली बाथरूमं केवढी असतात ते आपल्याला माहितीये, दार लावून आत गिझर चालू ठेवला की हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. गॅस लीक झाल्यावर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, पण जळून गेलेल्या गॅसला तो वास राहत नाही, त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस आतल्या आत कोसळतो, कडी लावलेली असल्याने बाहेरच्यांना वेळेत कळतही नाही. मुंबईत अशी माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बाहेर हलवेपर्यंत दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, गॅसचा कॉक बंद करा, आणि मगच दार लावून आंघोळ करा. घरात म्हातारी माणसं, मुलं असतील तर त्यांना हे रोज सांगा, कंटाळा येईल इतकं सांगा.

आता तुमचं दुखणं. गिझरच्या आत एक रबरी डायफ्राम, म्हणजे पडदा असतो, पाणी वाहायला लागलं की तो ढकलला जातो, त्याने एक पिन सरकते, पिन मायक्रोस्विच दाबते आणि मग सेलवर स्पार्क सुरू होतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे टकटक ऐकू आली तर पाण्याचं काम झालं, नाही आली तर एकतर पाण्याला जोर नाही किंवा सेल, स्विच यात गडबड. वरच्या मजल्याची गोची अशी की टाकी तुमच्या डोक्यावरच आहे. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार प्रेशर मिळतं, खालच्या मजल्यांना आयतं मिळतं, तुम्हाला जेमतेम तीन-चार मीटर, म्हणजे 0.3 च्या आसपास, त्यात पाईप जुने गंजलेले. बऱ्याच गिझरना चालू व्हायलाच तेवढं लागतं, म्हणून कधी पेटतो कधी नाही.

आणि दोन मिनिटांत का विझतो ते बघा. 6 लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी साधारण 25 डिग्रीने तापवणारा. तुमच्याकडे 3 लिटरच येत असेल आणि आंच तेवढीच असेल तर तेच पाणी 50 डिग्रीने तापणार. आपल्याकडे थंडीतसुद्धा टाकीतलं पाणी काही बर्फासारखं नसतं, 22-24 धरा, म्हणजे नळाला सत्तरच्या वर जायला लागलं, आणि मग जास्त तापल्यावर गॅस तोडणारा सेन्सर आपलं काम करतो. त्यात तुम्ही मिक्सरला थंड सोडलं की थंड पाणी पुढे घुसतं, गिझरमधून येणारी धार अजून बारीक होते, डायफ्राम मागे सरकतो आणि गिझर विझतो. हे दोन्ही गिझरने बरोबरच केलंय.

त्यामुळे थंड मिक्स करायचं सोडा, आंच कमी करा. समर-विंटरचा नॉब असेल तर तो समरवर, मुंबईत विंटरची गरज फारशी पडतच नाही. गॅसचा नॉब सगळ्यात कमी, पाण्याचा नॉब पूर्ण उघडा, गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा, आणि आधी शॉवर न वापरता थेट बादलीत सोडून बघा. असं केल्यावर अखंड चालला तर गिझर ठणठणीत आहे. एक लक्षात ठेवा, बऱ्याच मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी 20 मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, तेव्हा बंद झाला तर तो बिघाड नाही.

धारच बारीक वाटत असेल तर गिझरला येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून पाण्याच्या इनलेटचा नट सोडा, तिथे एक बारीक जाळी असते. सोसायटीने टाकी साफ केली किंवा पाईपलाईनचं काम झालं की सगळा गाळ, गंजाचे कपचे तिथे येऊन बसतात. जुन्या टूथब्रशने घासा, वॉशर नीट बसवा. शॉवरची भोकंही बघा. महापालिकेचं तलावाचं पाणी तसं मऊ असतं, पण तुमच्याकडे टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर क्षार साचून भोकं बुजतात, कॉइलच्या आतही थर बसतो. एवढं करूनही जोर नसेल तर छोटा प्रेशर पंप लावता येतो, सोसायटीला विचारून.

टकटक होते पण पेटत नाही तेव्हा सेल बघा. तुम्ही बदललेत असं लिहिलंय, पण कुठले? मोठे डी साईजचे अल्कलाईनच घ्या, साधे सेल स्पार्कच्या वेळी झोपतात, आणि रिचार्जेबल 1.2 व्होल्टचे असतात, दोन मिळून 3 च्या जागी 2.4 होतात, ते नकोत. पावसाळ्यात आपल्या दमट हवेने डब्यातल्या पत्र्यांना हिरवट-पांढरं येतं, तिथे पॉलिशपेपर फिरवा. पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर मात्र बर्नरजवळची सेन्सर पिन काळी झालेली असते, ती मिस्त्री पाच मिनिटांत पुसून देईल, कव्हर उघडायचं काम त्याच्याकडूनच करून घ्या.

गॅस कुठला वापरताय तेही बघा. सिलिंडर सोडून महानगर गॅसची पाईपलाईन घेतली असेल आणि गिझर सिलिंडरवालाच असेल तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या भोकाचा भाग, बदलावं लागतं, पाईपच्या गॅसला प्रेशर कमी आणि भोक मोठं लागतं, नुसता पाईप जोडून भागत नाही. उलट केलं, म्हणजे पाईपच्या गॅसचा गिझर सिलिंडरला लावला, तर पिवळी मोठी ज्योत, काजळी आणि तोच कार्बन मोनॉक्साईड. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर त्याच दिवशी वापर थांबवा. गॅसचा जॉईंट तपासायचा तर साबणाच्या फेसाने, काडी कधीच लावायची नाही, आणि रबरी पाईपवर छापलेली तारीख उलटून गेली असेल तर आजच बदला.

जेट, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरला तुम्ही हात लावू नका. ते काम त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्याला द्या, आणि फोन करताना नुसतं 'गिझर चालत नाही' असं सांगू नका. टकटक होते का, किती वेळाने विझतो, एका मिनिटाला किती पाणी पडतं हे मापून सांगा, शिवाय कॉइल बदलायची म्हणाला तर गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा.